अर्धे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ आणि आपली लेखणी

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण भेटावयास आला. नोकरी सोडून केवळ लेखनावर जगावे, असे त्याने मनाशी ठरवले होते. दोन-तीन लेख छापून आले होते, भाषांतराची थोडी कामेही मिळू लागली होती. ‘फादर, प्रतिभा असली म्हणजे माणूस तरून जातो ना?’ असे त्याने विचारले. आम्ही उलट विचारले, ‘सध्या वाचतोस काय?’ तो गप्प राहिला. त्या वेळी आम्हांला त्याचा राग आला. मागाहून स्वतःचाच आला, कारण तोच प्रश्न कोणी आम्हांला केला असता तर आमचीही पंचाईत झाली असती.

हा प्रश्न साताऱ्यात विचारला जावा, यात एक औचित्य आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये अमेरिकन मिशनचे वेतन सोडले आणि ते याच गावी येऊन राहिले. ‘देवाचा दरबार’ त्यांनी येथेच स्थापिला. ठरावीक पगार नाही, डोक्यावर वरिष्ठ नाही, हाती लेखणी आणि मुखी प्रभूचे नाव. आज ज्याला आपण मुक्त लेखक म्हणतो, त्याची स्थिती वरवर पाहता अशीच असते. मात्र टिळकांनी पगार सोडला तो लेखनासाठी नव्हे, ख्रिस्तसेवेसाठी. हा भेद आमच्या तरुण मित्राने ध्यानात ठेवलेला बरा.

टिळक प्रॉटेस्टंट परंपरेतले. तरी त्यांची गीते आपल्या उपासनेतही आपण आपली म्हणूनच गातो. ‘फुलांमुलांचे कवी’ या बिरुदामुळे त्यांची एक मूर्ती आपल्या मनात बसली आहे: कविता आली की भान हरपणारा, लहरी, उत्स्फूर्त कवी. ही मूर्ती खोटी नाही, पण अपुरी आहे. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन करीत होते आणि अंकाची तारीख कवीची लहर विचारीत नाही. शिवाय तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे सांगणारा हा कवी संतवाङ्मयात वर्षानुवर्षे मुरलेला होता. त्यांचा अभंग सहज वाटतो तो कान आधी तयार झाला होता म्हणून. ज्याला आपण उत्स्फूर्तता म्हणतो, तिच्या तळाशी पुष्कळदा जुने वाचन असते.

आता टीकेचा मुद्दा. टिळकांचे भावगीत पुरे होई. पण ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य त्यांच्या हातून पुरे झाले नाही. दहा-अकरा अध्यायांपर्यंत ते आले आणि ९ मे १९१९ रोजी टिळक प्रभुघरी गेले. मृत्यूला दोष देता येईल आणि तो द्यावाही. सत्तावन्न हे काही जाण्याचे वय नव्हे. तरीही आम्हांला असे वाटते की, गीत एका भरात लिहून होते, महाकाव्याला मात्र रोज त्याच जागी येऊन बसणारा माणूस लागतो. टिळकांचा पिंड तो नव्हता.

तो माणूस त्यांच्या घरातच होता. लक्ष्मीबाईंनी शाळेचे शिक्षण घेतलेले नव्हते; अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, टिळकांकडून. पतीच्या पश्चात त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले आणि साठाहून अधिक अध्याय रचून ते पूर्णत्वास नेले. त्यांच्या ओवीत टिळकांची झेप नाही, हे मान्य केले पाहिजे. काही ठिकाणी ती केवळ चालते. पण ती थांबत नाही.

‘स्मृतिचित्रे’ची गोष्ट याहून निराळी आहे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेले हे पुस्तक मराठी आत्मचरित्रांच्या अग्रभागी बसते, आणि ते एका पासष्टी ओलांडलेल्या बाईचे आहे. टिळकांच्या १८९५ च्या बाप्तिस्म्याने संसार दुभंगला. त्या वियोगाची हकीकत त्या सांगतात ती स्वयंपाकघरातल्या भाषेत. वाक्ये आखूड आहेत. विशेषणे कमी. स्वतःला हसतात, नवऱ्यालाही हसतात, पण कोणाचा सूड उगवीत नाहीत. दुःख सांगतानाही वाचकाकडे सहानुभूतीची याचना नाही. असे गद्य एका दिवसात हाताला येत नाही. आमचा तर्क असा, की या आठवणी कागदावर येण्यापूर्वी अनेकदा सांगून झालेल्या असाव्यात; सांगता सांगता फालतू शब्द गळून पडले असावेत. लेखनाची सवय पुष्कळदा कागदाच्या आधीच सुरू होते, हे आपल्याकडच्या आजींना ठाऊक असते आणि पदवीधर नातवांना नसते.

आपल्या परंपरेत फादर थॉमस स्टीफन्स आहेतच. हा इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यास उतरला आणि त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले १६१६ मध्ये. मधली सदतीस वर्षे! परकी भाषा कानात मुरवीत, येथली पुराणपरंपरा समजून घेत त्याने अकरा हजारांच्या आसपास ओव्या रचल्या. आपल्यापैकी कितीजणांनी ते पुराण उघडून तरी पाहिले आहे?

नाताळ अंकासाठी जे लेख येतात, त्यांत गव्हाणी, तारा आणि मेंढपाळ दरवर्षी त्याच विशेषणांसह भेटतात. लेखकाने वर्षभर काहीच वाचलेले नसते, हे पहिल्या परिच्छेदातच कळते. आम्ही धर्मगुरूही या दोषातून मुक्त नाही. शनिवारी रात्री उशिरा प्रवचन लिहावयास बसायचे आणि मागल्या वर्षीचे टिपण शोधायचे, हे पाप आम्ही कितीदा केले! संत बेनेडिक्टच्या नियमावलीत वाचनाला रोजचे तास नेमून दिले आहेत. उपवासकाळात तर प्रत्येक संन्याशाला एक पुस्तक दिले जाई व ते अथपासून इतिपर्यंत वाचावे लागे. सेमिनरीत हे शिकताना आम्हांला तो जाच वाटला होता. हातात पुस्तक असताना खिशातला फोन वाजणारा नव्हता, त्या दिवसांतली ही गोष्ट.

पोटाचा प्रश्न उरतोच, आणि त्यावर गोड बोलणे अप्रामाणिक होईल. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांच्या शाळेची गणती दिवसांत होते. त्यांनी ‘फकिरा’सह पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या आणि १९६९ मध्ये ते मुंबईत दारिद्र्यातच वारले. लिहिण्याची शिस्त त्यांच्याइतकी कोणाला होती? तिने पुस्तके दिली, भाकरीची हमी दिली नाही. म्हणून आम्ही त्या तरुणाला नोकरी सोड असे म्हटले नाही, धरून बस असेही म्हटले नाही. पहाटेचा एक तास वाचनाला व एक लेखनाला देऊन वर्षभर पाहा, एवढेच सांगितले आणि कपाटातली ‘स्मृतिचित्रे’ची प्रत त्याच्या हाती दिली.

परवा मिस्सेनंतर तो नवा लेख घेऊन आला. पहिल्याच पानावरची सात विशेषणे आम्ही खोडली. तो जरा रागावला. पुस्तकाचे विचारले, तर म्हणाला, ‘दुसरा भाग चालू आहे, फादर, अजून ठेवतो.’