दृष्टांत आणि हेतू
('दृष्टांतपाठा'चा पुनर्विचार)

मराठी गद्याच्या इतिहासात 'दृष्टांतपाठा'चे स्थान आता वादातीत झाले आहे. महानुभावांच्या सांकेतिक लिपीचा उलगडा विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी केला आणि मठांतून शतकानुशतके बांधून ठेवलेले वाङ्मय अभ्यासकांपुढे आले. तेव्हापासून केशिराजबासांच्या या लहानशा ग्रंथाची वाखाणणी सतत होत आली आहे. त्याचे आटोपशीर वाक्य, त्यातील लोकजीवनाची चित्रे, त्याचा बोलका साधेपणा यांविषयी जे लिहिले गेले ते यथार्थच आहे. परंतु या स्तुतीचा एक परिणाम असा झाला की, हा ग्रंथ गद्याचा नमुना म्हणून वाचला जाऊ लागला आणि विचाराचा नमुना म्हणून वाचावयाचा राहून गेला. विद्यार्थी त्यातील जुनी क्रियापदे ओळखतो, कथेचे तात्पर्य सांगतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. त्या कथेने काय सिद्ध केले, आणि मुळात काही सिद्ध केले की नाही, हा प्रश्न त्याला कोणी विचारीत नाही. आमच्या मते हा प्रश्न विचारल्यावाचून ग्रंथाचे मूल्यमापन पुरे होत नाही. आणि तत्त्वज्ञानाची पहिली ओळख मराठीतून करून द्यावयाची असेल, तर तो विचारण्यास याहून सोयीचा ग्रंथ आपल्या भाषेत क्वचितच मिळेल.

ग्रंथाची घडण प्रसिद्ध आहे. चक्रधरस्वामींनी प्रसंगाप्रसंगाने सांगितलेले ११४ दृष्टांत केशिराजांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस एकत्र केले. प्रत्येक प्रकरणाचे भाग तीन : प्रथम सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक. सूत्रात सिद्धांत थोडक्यात येतो, दृष्टांतात लौकिकातली गोष्ट येते, आणि दार्ष्टांतिकात त्या गोष्टीतील अंगे सिद्धांताच्या अंगांशी एकेक करून जुळवून दाखविली जातात. सूत्र व दृष्टांत चक्रधरांचे आणि दार्ष्टांतिक केशिराजांचे, असे अभ्यासक मानीत आले आहेत. केशिराज संस्कृतचे जाणकार होते. 'रत्नमालास्तोत्र' हा त्यांचा संस्कृत ग्रंथ त्याची साक्ष देतो. पंथाचे शास्त्र संस्कृतात लिहावे असे त्यांच्या मनात आले असता नागदेवाचार्यांनी त्यांना थोपविले. संस्कृतामुळे पंथातील म्हाताऱ्या बायाबापड्या ज्ञानाला मुकतील, ही त्यांची चिंता होती. तेव्हा हा ग्रंथ आरंभापासूनच अशास्त्रज्ञ श्रोत्यासाठी, म्हणजे आजच्या भाषेत प्रवेशेच्छू विद्यार्थ्यासाठी, रचलेला आहे.

आता या तीन भागांशेजारी न्यायशास्त्रातील पाच अवयव मांडून पाहावेत. गौतमाच्या न्यायसूत्रांनी परार्थ अनुमानाचे पाच अवयव सांगितले : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. पुढे सतराव्या शतकात आंध्र देशीच्या अन्नंभट्टाने बालकांना सुखाने बोध व्हावा या उद्देशाने 'तर्कसंग्रह' लिहिला, तेव्हा त्यानेही नवशिक्यापुढे हीच पंचावयवी ठेवली. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा; धूर आहे म्हणून, हा हेतू; जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर, हे उदाहरण; हा पर्वतही तसाच धूरवान आहे, हा उपनय; म्हणून त्यावर अग्नी आहे, हे निगमन. 'दृष्टांतपाठा'तील सूत्र म्हणजे प्रतिज्ञा, दृष्टांत म्हणजे उदाहरण, दार्ष्टांतिक म्हणजे उपनय. आणि दार्ष्टांतिकाचा शेवट पुन्हा सूत्रावर येऊन टेकतो, तेव्हा निगमनही साधते. पाचांपैकी चार अवयव असे हाती लागतात. जो लागत नाही तो हेतू.

ही उणीव लहान नव्हे. न्यायशास्त्रात उदाहरणाला जे बळ आहे ते त्याचे स्वतःचे नाही. ते हेतू आणि साध्य यांच्या नित्य साहचर्याचे, म्हणजे व्याप्तीचे, बळ आहे. स्वयंपाकघर हे पर्वतासारखे दिसते म्हणून काही ते पुरावा ठरत नाही. धूर आणि अग्नी यांची सांगड तेथे सर्वांनी पाहिली आहे, म्हणून ते उपयोगी पडते. न्यायसूत्रांतील दृष्टांताची व्याख्याही हेच सुचविते : ज्या गोष्टीविषयी सामान्य माणूस आणि परीक्षक या दोघांची बुद्धी सारखीच असते, तो दृष्टांत. अर्थात् दृष्टांत हा वादाचा आरंभ जेथून करता येईल असा सर्वमान्य ओटा आहे. ओट्यावर उभे राहिल्याने माडीवर पोचलो असे होत नाही.

दृष्टांतात हेतू नसला म्हणजे काय होते, हे याच ग्रंथातील हत्तीच्या सुप्रसिद्ध दृष्टांतावरून उत्तम दाखविता येते. जन्मांध माणसे हत्तीला चाचपतात. पाय हाती आलेल्याला तो खांब वाटतो, कान हाती आलेल्याला सूप वाटते. प्रत्येक जण आपल्या हाताला लागले तेवढ्यालाच हत्ती म्हणतो. ही कथा चक्रधरांच्या कितीतरी आधीची आहे. पाली 'उदान'ात ती भगवान बुद्धांच्या मुखी येते. तेथे श्रावस्तीचा एक राजा आंधळ्यांना जमवून हत्ती दाखवितो आणि त्यांची हातघाई पाहून त्याची करमणूक होते. रोख परस्परांशी भांडणाऱ्या पंथीयांवर आहे : अशा वादांत पडू नका. जैन आचार्यांनी हीच कथा अनेकान्तवादासाठी घेतली. त्यांच्या दृष्टीने प्रत्येक आंधळ्याचे म्हणणे अंशतः खरे असून दोष आहे तो 'हेच खरे' या आग्रहात. 'दृष्टांतपाठा'त भर पडतो तो डोळसावर. अंशज्ञ माणसे अंशालाच पूर्ण समजतात; पूर्ण स्वरूप ज्याला दिसते त्याच्याच मागे जावे, असा बोध येथे होतो.

कथा एक आणि निष्कर्ष तीन, हा या ठिकाणचा खरा धडा होय. एक म्हणतो वाद सोडा, दुसरा म्हणतो सर्वांचे थोडेथोडे मान्य करा, तिसरा म्हणतो डोळसाला शरण जा. हे तीन उपदेश परस्परांशी सहज जुळणारे नाहीत. मग हत्तीने यांतील कोणते सिद्ध केले? आमचे उत्तर असे की, एकही नाही. प्रत्येक निष्कर्ष त्या त्या दर्शनाने आधीच स्वीकारलेला होता. कथेने त्याला केवळ चेहरा दिला. आणखी असे की, ही कथा सांगणाऱ्याला संपूर्ण हत्ती दिसत असल्यावाचून ती सांगताच येत नाही. 'तुम्ही आंधळे' असे म्हणणारा 'मी डोळस' हे न बोलता गृहीत धरतो. परंतु वाद असतो तो नेमका डोळस कोण याविषयीच. जे सिद्ध करावयाचे तेच साधन म्हणून पुढे करणे, याला गौतमाने हेत्वाभासांत घालून साध्यसम असे नाव दिले आहे.

येवढ्यावरून 'दृष्टांतपाठ' तर्कदुष्ट आहे असा निकाल देणे मात्र अन्यायाचे होईल. चक्रधरांसमोर बसलेला श्रोता प्रतिवादी नव्हता, शिष्य होता. गुरूचे वचन हेच त्याला प्रमाण होते. शब्दप्रमाण मान्य असलेल्याला हेतूची मागणी करण्याचे प्रयोजन उरत नाही. त्याला हवे असते ते आकलन, आणि आकलनासाठी दृष्टांतासारखे साधन नाही. दोष उद्भवतो तो ग्रंथाच्या मूळ सभेत नव्हे. तो आपण ग्रंथ त्या सभेतून उचलून वर्गात आणतो आणि समजावून देणे व सिद्ध करणे यांतील भेद सांगावयास विसरतो, तेव्हा उद्भवतो.

किंबहुना केशिराजांची एक थोरवी याच दृष्टीने पाहिली असता ध्यानात येते. त्यांनी दृष्टांत मोकाट सोडला नाही. त्याला दार्ष्टांतिकाचे दावे लावले. कथेतला कोण कोणाच्या जागी, कथेतली कोणती क्रिया सिद्धांतातील कोणत्या गोष्टीशी जुळते, हे सांगितले की दृष्टांताची मर्यादाही आपोआप आखली जाते. जे जुळविले नाही ते त्या ठिकाणी अभिप्रेत नाही. पुढील काळातील आपल्या कीर्तन-प्रवचनांत दृष्टांत पुष्कळच फोफावला, पण दार्ष्टांतिकाची शिस्त त्या प्रमाणात टिकली नाही. आख्यान रंगले की सिद्धांत पटला असे श्रोत्याला वाटते आणि वक्त्यालाही वाटू लागते. साम्य कोठे संपते हे सांगण्याची सवय हा केशिराजांचा वारसा आहे; आपण त्यांचे गद्य जपले आणि ही सवय घालविली.

या विवेचनाचा वर्गाशी काय संबंध, असे कोणी विचारील. तर्कशास्त्राची मराठी परिभाषा आज तयार आहे. दे. द. वाडेकर यांच्या संपादकत्वाखालील 'मराठी तत्त्वज्ञान-महाकोश' तीन खंडांत १९७४ साली निघाला, आणि महाराष्ट्रात अकरावी-बारावीला तर्कशास्त्र व तत्त्वज्ञान हे विषय मराठीतून घेता येतात. उणीव शब्दांची नाही, उदाहरणांची आहे. सॉक्रेटिस मर्त्य आहे हे सिद्ध करण्यात विद्यार्थ्याचे काहीच अडकलेले नसते. म्हणून तो आकृतिबंध पाठ करतो आणि वर्गाबाहेर पडताच टाकून देतो. बीदर जिल्ह्यातील औराद तालुक्यात असलेल्या संतपुरासारख्या गावच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच निकडीची ठरते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडले तेव्हा बीदर जिल्ह्याचे उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात आले आणि औरादचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या बाजूच्या मराठी मुलाचे शालेय शिक्षण मराठीत झाले तरी पुढचे बहुधा कन्नडात किंवा इंग्रजीत होते. मराठी शिक्षकाच्या हाती तो दहावीपर्यंत असतो. त्यानंतर जी परिभाषा येईल ती दुसऱ्या भाषेची असेल. परंतु हेतू मागण्याची सवय एकदा लागली की ती भाषा बदलल्याने सुटत नाही. मराठीच्या तासाने त्याला देण्याजोगी याहून टिकाऊ शिदोरी आम्हांस दिसत नाही.

ती त्याच्याच परिसरातून देता येते. अन्नंभट्टाचा पर्वत संतपुराजवळ नसेल. गुऱ्हाळाचे चुलाण आहे, मांजरेच्या काठचे पौषातले धुकेही आहे. दुरून धुके पाहून 'तेथे चुलाण पेटले' असे म्हणणाऱ्याचा हेतूच असिद्ध आहे, कारण जो धूर समजला तो धूरच नव्हे. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. म्हणून अग्नीवरून धुराचे अनुमान करता येत नाही, हे शास्त्रातले उदाहरण लोहाराच्या भात्याशी उभ्या असलेल्या मुलाला समजावून सांगावे लागणार नाही.

याहून नाजूक, पण म्हणूनच अधिक शिकविणारे उदाहरण गावाच्या नावाचे आहे. सीमाभागात गाव कोणाचे हा वाद नावापासून सुरू होण्याचा संभव नेहमीच असतो. समजा, एक जण म्हणाला, 'हे गाव मराठी, कारण नावात संत आणि पूर हे शब्द आहेत, जसे पंढरपूर.' दुसरा म्हणाला, 'हे गाव कन्नड, कारण कन्नडात संते म्हणजे आठवड्याचा बाजार, आणि त्यावरूनच हे नाव पडले.' दोघांनीही प्रतिज्ञा केली, दोघांनीही कारण दिले. विद्यार्थ्याने कारणे तपासावीत. 'पूर' हे पद विजयपुरात आहे, जयपुरात आहे, रायपुरातही आहे; जे चिन्ह साध्य असलेल्या व नसलेल्या अशा दोन्ही ठिकाणी आढळते तो सव्यभिचार हेतू. 'संत' हा शब्दही एकट्या मराठीच्या मालकीचा नाही. दुसऱ्याचा हेतू 'संते'वरून नाव पडले या गोष्टीवर उभा आहे, आणि तीच गोष्ट अद्याप सिद्ध व्हावयाची आहे, तो साध्यसम. शेवटी दोघांनाही मिळून एक प्रश्न उरतो : नावाची भाषा आणि गावकऱ्यांची भाषा यांत व्याप्ती आहे काय? नाही, हे कळण्यास मुलाला गावाबाहेर जावे लागत नाही. येथे वादाचा निकाल लागला असे नव्हे. परंतु कोणत्या कारणाने तो लागू शकत नाही हे कळले, आणि अभिमान दुखावल्यावाचून कळले. प्रवेशिकेच्या पायरीवर तत्त्वज्ञानाकडून याहून अधिक अपेक्षा करू नये.

तेव्हा 'दृष्टांतपाठ' शिकविताना भाषेच्या प्रश्नांबरोबर आणखी तीन प्रश्न विद्यार्थ्यापुढे ठेवावेत, असे आम्ही सुचवितो. या दृष्टांतातील कोणती अंगे सिद्धांताशी जुळतात? साम्य कोठे संपते? आणि दृष्टांत बाजूला ठेवला तर सूत्र कोणत्या कारणावर उभे राहील? पहिल्या प्रश्नाचे उत्तर केशिराजांनी स्वतः दिले आहे. दुसऱ्याचे त्यांच्या दार्ष्टांतिकात गर्भित आहे. तिसऱ्याचे उत्तर ग्रंथात नाही. ते विद्यार्थ्याने शोधावयाचे आहे, आणि सापडले नाही तर तसे सांगावयाचे आहे.

असे वाचल्याने ग्रंथाचे पावित्र्य उणावेल, ही भीती काहींना वाटेल. आम्हांस ती निराधार वाटते. ज्या पंथाने आपले शास्त्र म्हाताऱ्यांना कळावे म्हणून त्यांच्या बोलीत उतरविले, त्याने कळणे ही गोष्ट भक्तीहून हलकी मानली नव्हती. कळलेल्या गोष्टीचे कारण विचारणे ही त्याच वाटेवरची पुढची पायरी होय. केशिराजांनी तीन अवयव रचून दिले. चौथा, म्हणजे हेतू, घालण्याचे काम सात शतके वाचकाकडे राहिले आहे. ते वर्गात सुरू झाले, तर मराठी गद्याचा हा जुना ग्रंथ मराठी विचाराचाही पाठ्यग्रंथ ठरेल.