पुत्र की शस्त्र? : ‘होरस हेरसी’ कादंबरीमालेतील योद्धा-बंधूंच्या चित्रणाची चिकित्सा

प्रस्तावना :

विज्ञानकथा ही भविष्याची कथा मानली जात असली, तरी तिच्या अनेक लोकप्रिय कृतींचा सांगाडा पुराणकथेचाच असतो. ‘होरस हेरसी’ ही इंग्रजी कादंबरीमाला याचे ठळक उदाहरण होय. डॅन ॲबनेट यांच्या ‘होरस रायझिंग’ (२००६) या कादंबरीने सुरू झालेली ही माला २०१९ पर्यंत ५४ पुस्तकांची झाली. तिचे अखेरचे पर्व ‘सीज ऑफ टेरा’ या नावाने २०१९ ते २०२४ या काळात प्रसिद्ध झाले. मानवजातीच्या सम्राटाने घडविलेले वीस अर्धदैवी पुत्र, त्यांतील सर्वांत लाडक्या होरसचे बंड आणि त्यातून पेटलेले भावाभावांचे युद्ध हा तिचा विषय आहे. वरवर पाहता हा सुष्ट आणि दुष्ट यांचा संघर्ष वाटतो. प्रत्यक्षात मात्र ‘पुत्र’ म्हणून संबोधल्या गेलेल्या, परंतु ‘शस्त्र’ म्हणून वापरल्या गेलेल्या व्यक्तींची ही शोकांतिका आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कथाविश्वाची घडण :

या कथाविश्वाचा उगम साहित्यात नसून खेळात आहे. रिक प्रिस्टली यांनी रचलेला ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा पटावरील युद्धखेळ ‘गेम्स वर्कशॉप’ या ब्रिटिश कंपनीने १९८७ मध्ये बाजारात आणला. पुढे १९८८ मध्ये ‘अडेप्टस टायटॅनिकस’ हा महाकाय युद्धयंत्रांचा खेळ आला. त्याच्या पेटीत दोन्ही पक्षांसाठी एकाच प्रकारच्या यंत्रांच्या प्रतिकृती होत्या. सारखीच यंत्रे परस्परांविरुद्ध का उभी ठाकली, याला काही कारण हवे होते. ते कारण म्हणून साम्राज्यातील यादवी कल्पिली गेली. उत्पादनाच्या सोयीतून जन्मलेल्या या कल्पनेला पुढे महाकाव्याचा विस्तार लाभला, ही बाब लोकप्रिय साहित्याच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये. दोन्ही बाजू मुळात सारख्याच आहेत, हे त्या पेटीतील सत्यच पुढे कादंबऱ्यांचे आशयसूत्र बनले.

नावांची योजनाही अर्थपूर्ण आहे. इजिप्तच्या पुराणकथेतील होरस हा पिता ओसायरिसच्या वधाचा सूड घेतो. येथील होरस पित्यावरच शस्त्र उचलतो. ‘डार्क एंजल्स’ या सेनेच्या अधिपतीचे लायन एल्’जॉन्सन हे नाव ‘द डार्क एंजल’ ही कविता लिहिणाऱ्या लायोनेल जॉन्सन या इंग्रज कवीवरून घेतले आहे.

पित्याचे मौन :

‘प्रायमार्क’ म्हणून ओळखले जाणारे हे बंधू प्रयोगशाळेत निर्माण झाले. शैशवातच ते दुष्ट शक्तींच्या हातून वेगवेगळ्या ग्रहांवर विखुरले गेले. पित्याने त्यांना शोधून काढले ते कुटुंब जोडण्यासाठी नव्हे, तर आकाशगंगा जिंकण्यासाठी. दोघांची नावे अभिलेखांतून पुसली गेली. उरलेल्या अठरांपैकी नऊ एकनिष्ठ राहिले आणि नऊ फितूर झाले. हा समतोल कृत्रिम वाटला, तरी फितुरीची कारणे मात्र वेगवेगळी आणि विचारप्रवर्तक आहेत.

सम्राट होरसला सेनापतिपद देऊन पृथ्वीवर परततो. का परततो, हे मात्र सांगत नाही. मॅग्नसला मंत्रविद्येची बंदी होते, परंतु पित्याच्या गुप्त प्रकल्पाची कल्पना दिली जात नाही. परिणामी होरसच्या बंडाची वार्ता कळविण्यासाठी त्याने केलेली मांत्रिक धडपडच तो प्रकल्प उद्ध्वस्त करते (‘अ थाउजंड सन्स’, २०१०). गुलामांच्या उठावाचे नेतृत्व करणाऱ्या अँग्रॉनला ऐन लढाईच्या तोंडावर उचलून नेले जाते आणि त्याचे साथीदार मरणाच्या हवाली होतात. पित्याला देव मानणाऱ्या लोर्गारला धडा शिकविण्यासाठी त्याचे आदर्श नगर जाळले जाते. तेही त्याच्याच भावाच्या, गिलिमनच्या सेनेकरवी (‘द फर्स्ट हेरेटिक’, २०१०). या चारही प्रसंगांत पिता क्रूर आहे की नाही, यापेक्षा तो संवाद टाळतो, ही गोष्ट अधिक महत्त्वाची ठरते. शस्त्राला कारण सांगावे लागत नाही. पुत्राला सांगावे लागते. या भाऊबंदकीचे बीज या भेदाच्या विस्मृतीत आहे.

दैव की निवड :

मालेची मर्यादाही येथेच दिसते. ‘फुलग्रिम’ (२००७) या कादंबरीत फुलग्रिम आणि फेरस मॅनस यांचा स्नेह सुंदर रेखाटला आहे. एकमेकांसाठी शस्त्र घडविणाऱ्या या दोघांपैकी एक दुसऱ्याचा शिरच्छेद करतो. परंतु फुलग्रिमच्या अधःपतनाचा बराचसा भार पिशाच्चबाधित तलवारीवर टाकल्याने त्याचे उत्तरदायित्व सौम्य होते आणि शोकांतिका बाधेच्या पातळीवर उतरते. मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मधील (१६६७) सैतान जाणीवपूर्वक बंड करतो, म्हणूनच तो वाचकाला अस्वस्थ करतो. याउलट ‘फॉल्स गॉड्स’मधील (२००६) होरसचा प्रसंग अधिक सकस आहे. जखमी होरसला भविष्याचे दर्शन घडते. त्यात पिता देव म्हणून पूजला जातो आहे, मात्र होरसचा कोठे मागमूस नाही. हे दर्शन खरे असते. पण ते खरे ठरते होरसच्या बंडामुळेच. येथे दुष्ट शक्ती केवळ अर्धसत्य दाखवितात, निवड होरसचीच राहते.

मालेच्या आरंभी कवी, शिल्पकार, छायाचित्रकार अशा सामान्य माणसांच्या नजरेतून हे देवसदृश वीर दिसतात. उत्तरोत्तर ही मानवी नजर क्षीण होते. स्त्रियांचे स्थान मर्यादितच राहते. विस्ताराच्या ओघात पुनरावृत्तीही वाढते. हे दोष नोंदविणे आवश्यक आहे.

शीर्षकातील विरोधाभास :

‘हेरसी’ म्हणजे पाखंड. सम्राटाचे साम्राज्य तर अधिकृतपणे निरीश्वरवादी होते. जेथे धर्मच अमान्य, तेथे बंडाला पाखंड कसे म्हणावे? हा शब्द नंतरच्या काळाचा आहे. पित्याचे निश्चल शरीर सुवर्णसिंहासनावर ठेवून दहा हजार वर्षे त्याची पूजा करणाऱ्या साम्राज्याने इतिहासाला दिलेले ते नाव आहे. त्या धर्माचा पाया ज्या ग्रंथावर उभा आहे, तो लिहिला लोर्गारने, म्हणजे फितूर पुत्राने. विजेत्यांनी पराभूताचाच विचार स्वीकारला, ही या कथेतील सर्वांत कठोर उपरोधाची जागा होय. खेळाच्या कथानकात २०१७ मध्ये पुन्हा जागृत झालेल्या गिलिमनला हेच साम्राज्य पाहावे लागते.

निष्कर्ष :

हे साम्राज्य आदर्श म्हणून नव्हे, तर उपहास म्हणून रचले आहे, असे प्रकाशक कंपनीला २०२१ मध्ये जाहीरपणे सांगावे लागले. वीरपूजेच्या भरात उपहास नजरेआड होतो, हेच यातून दिसते. एकनिष्ठ बंधू आणि फितूर बंधू यांच्यातील अंतर गुणांचे कमी आणि परिस्थितीचे अधिक आहे, असे वाचन केल्यास ही माला सत्तेच्या कठोर चिकित्सेचे साहित्य ठरते. तसे न केल्यास ती शौर्याची गाथा म्हणूनच उरते. मनुष्याला साधन म्हणून घडविणारी सत्ता अखेर आपल्याच साधनांच्या हातून मोडते, हा या भावंडांच्या कथेचा मथितार्थ होय.