कुकरच्या शिट्टीसाठी लिहिलेली मालिका

डोंबिवलीहून सकाळी सुटणाऱ्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात बसायला मिळणं हा दुर्मीळ योग, त्यामुळे मालिका मी उभ्यानं बघते. एका हातात कडी, दुसऱ्यात फोन. जाहिराती वगळल्या तर एक भाग वीस-बावीस मिनिटांचा, आणि ठाणंही साधारण तेवढ्याच वेळात येतं. नायिकेच्या हातून आरतीचं ताट पडणं आणि गाडीनं कळव्याची खाडी ओलांडणं यांची पुष्कळदा एकच गाठ पडते. पूर्वी फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या तेव्हा ऐन संवादात नेटवर्क जायचं आणि खलनायिकेचं तोंड उघडंच राहायचं. २०२२ साली पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, आमच्या गाड्या बोगद्याबाहेरून जाऊ लागल्या आणि कुठल्याही पटकथाकाराला न सुचलेला तो सस्पेन्स संपला.

खरी गंमत पुढेच आहे. मी सकाळी जो भाग बघते तो टीव्हीवर रात्री लागायचा असतो. प्लॅटफॉर्मचे पैसे भरले की टीव्हीच्या आधी बघायला मिळतं. संध्याकाळी घरी यावं तर सासूबाई सोफ्यावर तयारीत असतात आणि मी पोळ्या लाटताना तोंडाला कुलूप लावून. एकाच घरात एकाच कथेचे दोन काळ चालू राहतात: माझ्या लेखी नायिका तुरुंगातून सुटलेली, त्यांच्या लेखी अजून कोंडलेली. एकदा चुकून बोलून गेले तर दोन दिवस अबोला होता.

१९९९ साली अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली तेव्हापासूनची मी प्रेक्षक. ‘आभाळमाया’, ‘वादळवाट’, पुढं ‘असंभव’, ‘अग्निहोत्र’, ‘होणार सून मी ह्या घरची’. शेवटच्या मालिकेची नायिका तेजश्री प्रधान आमच्या डोंबिवलीची, म्हणून ती अंमळ जास्तच मनापासून पाहिली. तेव्हा तक्रार करायचा मला हक्क आहे. मालिका टीव्हीवरून इंटरनेटवर गेल्या असं सगळे म्हणतात. माझ्या मते बघणारी माणसं तेवढी गेली. मालिका अजून दिवाणखान्यातच कुकरच्या शिट्टीची वाट बघत उभी आहे.

रोजची मराठी मालिका मुळात कानांसाठी लिहिलेली असते. रात्री आठच्या सुमाराला जिच्यासाठी ती लागते ती बाई टीव्हीसमोर बसलेली नसतेच. ती ओट्याशी उभी असते, फोडणी देत असते, मुलाला अभ्यासाला दटावत असते. तिच्यापर्यंत गोष्ट पोचवायची तर प्रत्येक पात्राला दुसऱ्याला नावानं हाक मारत बोलावं लागतं. रहस्य फुटलं की ते एकदा मोठ्यानं, एकदा स्वगतात आणि एकदा जाऊबाईला सांगून, असं तीनदा फोडावं लागतं. ढोल-ताशासारखं पार्श्वसंगीत वाजलं की ती हात पुसत दारापर्यंत येते, तेव्हा तिला चेहरा दिसला पाहिजे म्हणून कॅमेरा घरातल्या सात माणसांच्या तोंडांवरून फिरतो. टीकाकार याची टिंगल करतात. मला त्यात कारागिरी दिसते. ‘चार दिवस सासूचे’ ईटीव्ही मराठीवर २००१ पासून अकरा वर्षं चालली, तीन हजारांहून जास्त भाग झाले. तेवढा काळ रोज एका व्यग्र बाईला अर्ध्या लक्षात धरून ठेवणं ही सोपी गोष्ट नव्हे. अर्ध्या लक्षासाठी लिहिण्याचंही एक तंत्र असतं.

ते कुठून आलं हे शोधायला फार लांब जायला नको. अमेरिकेत १९३०च्या दशकात साबणाच्या कंपन्या गृहिणींसाठी रेडिओवर दुपारच्या मालिका प्रायोजित करायच्या, म्हणून तर ‘सोप ऑपेरा’ हे नाव. ‘गायडिंग लाइट’ १९३७ साली रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये टीव्हीवर आली आणि २००९ मध्ये बंद पडली. माध्यम बदललं, तरी कान सुटले नाहीत. आपल्याकडे मुंबई आकाशवाणीची ‘पुन्हा प्रपंच’ होती. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुरतडकर या तीन आवाजांवर टेकाडे भावजी आणि मीनावहिनींचं अख्खं घर उभं राहायचं. सासूबाई आजही त्यांच्याबद्दल शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलतात. मुंबई दूरदर्शन १९७२ ला आलं, ‘चिमणराव’ आला. पुढे ‘दामिनी’नं रोज बघायची सवय लावली, खासगी वाहिन्यांनी तिचं व्यसन केलं. या सगळ्या वाटेत कान कुठेही सुटलेले नाहीत.

आणि आता फोन. फोनवर बघणारी बाई ओट्याशी नाही. तिच्या कानात इअरफोन आहेत, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर पडदा आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती मालिकेकडे पूर्ण लक्ष देते आहे. नेमक्या याच क्षणी मालिका उघडी पडते. एवढ्या जवळून विग दिसतो, सेटच्या भिंतीला पडलेली घडी दिसते, सात चेहऱ्यांपैकी पाचांना काय करायचं ते सांगितलेलं नाही हेही दिसतं. मग अंगठा आपोआप दहा सेकंद पुढे जायच्या बाणावर पडतो. माझ्या डब्यातल्या मैत्रिणी दीडपट वेगानं बघतात. शनिवारचा एक तासाचा महाएपिसोड एकीनं ठाकुर्ली ते मुंब्रा एवढ्यात उरकला होता, आणि तिचं काही चुकलंही नव्हतं.

मग मालिका बदलत का नाहीत? कारण आमचं बघणं त्यांच्या हिशेबात धरलंच जात नाही. दर आठवड्याला ज्या टीआरपीची वाट बघत सेटवर माणसं नखं खातात, ती बार्क या मोजणी करणाऱ्या संस्थेची आकडेवारी ठरावीक घरांतल्या टीव्हीला जोडलेल्या मीटरवरून येते. फोनवर मी कुठे थांबले, कुठे पळवलं, कुठे कंटाळून बंद केलं, याची सेकंदासेकंदाची नोंद प्लॅटफॉर्मकडे होत असणार, पण पुढच्या आठवड्याचा ट्रॅक ठरतो तो दिवाणखान्यातल्या मीटरवर. म्हणजे पैसे मी भरते आणि मत सासूबाईंचं मोजतात. असो, घरातली पद्धतही तीच आहे.

‘आई कुठे काय करते’चं उदाहरण मला विसरता येत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये ती स्टार प्रवाहवर सुरू झाली. कथेचं मूळ बंगाली ‘श्रीमोयी’त. नवऱ्याचं दुसरीकडे जुळलंय हे कळल्यावर एक पन्नाशीकडे झुकलेली बाई घराबाहेर पडते, स्वतःचं नाव शोधते. मधुराणी प्रभुलकर यांनी अरुंधती पहिली दोन वर्षं जी काही उभी केली ती मी मराठी अभिनयाच्या कुठल्याही चर्चेत पुढे करीन. त्यांचं काम गप्प राहण्यात होतं: वाक्य पूर्ण न करणं, पदराचं टोक सारखं करणं, ‘बरं’ म्हणताना किंचित थांबणं. आणि हे मला टीव्हीवर कधी दिसलंच नव्हतं, कारण टीव्हीवर मी ती ऐकत होते. लॉकडाऊन उठल्यावर, गाडीत, फोनवर जुने भाग पुन्हा पाहिले तेव्हा दिसलं. मार्च २०२४ मध्ये मालिका दुपारी अडीचला ढकलली गेली. दुपारी अडीचला मी ठाण्यात फायलींत. त्यामुळे शेवटचे महिने, ३० नोव्हेंबर २०२४ च्या निरोपापर्यंत, अरुंधती माझ्यासाठी फक्त फोनवरच जगली. तोवर लिखाण पार थकलं होतं. मेलेलं माणूस, नवं संकट, पुन्हा तेच घर. चांगली नटी आणि पूर्ण लक्ष देणारा प्रेक्षक एकमेकांना भेटले, पण तेव्हा देण्यासारखा शब्द कुणाकडे उरला नव्हता.

इंटरनेटसाठीच म्हणून मराठीत जे झालं त्याचीही गंमत आहे. त्याचं बी टीव्हीनंच पेरलं. २०१५ साली झी मराठीवर ‘दिल दोस्ती दुनियादारी’ आली: एका फ्लॅटमध्ये राहणारी सहा तरुण मुलं, सासू नाही, कटकारस्थान नाही, आणि वर्षभरात संपलीसुद्धा. त्या गटातला अमेय वाघ २०१६ मध्ये निपुण धर्माधिकारीबरोबर यूट्यूबवर ‘कास्टिंग काऊच’ करत होता आणि भाडिपा नावाच्या चॅनेलचं प्रकरण सुरू झालं होतं. त्याच वर्षी जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आमच्या डब्यात गाण्यांच्या भेंड्या कमी झाल्या. पुढे एमएक्स प्लेअरवर ‘आणि काय हवं’, ‘समांतर’, प्लॅनेट मराठीवर ‘रानबाजार’, सोनी लिव्हवर ‘मानवत मर्डर्स’. यातलं बरंच मला आवडलं. पण या मालिका नव्हेत, हे ताणलेले सिनेमे आहेत. शुक्रवारी रात्री बसायचं, रविवारी पहाटे डोळे चोळत संपवायचं, सोमवारी विसरायचं. ‘समांतर’ सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवर बेतलेली. कादंबरी जशी एका बैठकीत वाचावी तशी ती बघावी लागते. मालिकेत दोन भागांच्या मध्ये उद्याचा एक दिवस असतो. त्या दिवसात आपण भांडतो, अंदाज बांधतो, पाणी भरताना नायिकेचा विचार करतो. सगळे भाग एकदम ओतले की तो दिवसच उरत नाही. यातली ‘आणि काय हवं’ तेवढी मला मालिकेच्या जवळची वाटली. प्रिया बापट आणि उमेश कामत यांचे जुई आणि साकेत नवं घर, नवी गाडी अशा साध्या प्रसंगांत नुसते बोलत बसतात, आणि पुढच्या भागात काय होणार याची भीती न घालता बघायला लावतात.

मालिकेचं खरं इंटरनेटी घर मला सापडलं ते घाटावर. साताऱ्याकडची ‘गावाकडच्या गोष्टी’ आणि बारामतीची ‘चांडाळ चौकडीच्या करामती’. या दोन्ही कुठल्याही वाहिनीच्या दारात न जाता थेट यूट्यूबवर वाढल्या. खऱ्या अंगणात, खऱ्या गुरांच्या हंबरण्यात चित्रित झालेले भाग, ठरल्या दिवसाची वाट बघायला लावणारे. अभिनय कधी कच्चा, ध्वनी कधी वाऱ्यानं भरलेला. पण पात्रं एकमेकांना विनाकारण नावानं हाक मारत नाहीत, आणि कुणाच्याही घरात गोल जिना नाही.

गोल जिन्याचं दुखणं जुनं आहे. आपल्या कित्येक मालिका घोडबंदर रस्त्यावरच्या स्टुडिओंत आणि बंगल्यांत घडतात, म्हणजे आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर. तरीही त्यांच्यात आमच्यासारखं घर दिसत नाही. सिनेमानं ‘डोंबिवली फास्ट’ केला, अगदी ‘झोंबिवली’ही केला. मालिकेतली मंडळी मात्र दुमजली दिवाणखान्यात भरजरी साडी नेसून चहा पितात. वन-बीएचकेत राहणाऱ्या बाईला रात्री आठला मोठं घर बघावंसं वाटतं, असं यावर उत्तर मिळतं. वाटत असेल. पण वन-बीएचकेत फोननं जे केलं ते कुणी लिहीत नाही. मुलाची दहावी असली की टीव्ही बंद होतो आणि आई गॅलरीत, दोरीवरच्या कपड्यांमागे, इअरफोन लावून मालिका बघते. तिला घरात पहिल्यांदाच स्वतःची खोली मिळाली आहे, पाच इंची. त्या खोलीत तिला काय सांगायचं याचा विचार व्हायला हवा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सोनी मराठीवर ‘आठशे खिडक्या नऊशे दारं’ आली होती, कलाकारांनी आपापल्या घरात राहून चित्रित केलेली. तिथे सामान्य पडदे होते, मागे खरा फ्रिज होता. स्टुडिओ उघडले आणि जिने परत आले.

परदेशात मालिकांचं इंटरनेटवरचं स्थलांतर वेगळ्या कारणानं झालं. तिथं टीव्हीनंच मालिकांना घराबाहेर काढलं. अमेरिकेत एबीसी वाहिनीनं २०११ साली ‘ऑल माय चिल्ड्रेन’ बंद केली, २०१३ मध्ये ती इंटरनेटवर जिवंत केली गेली आणि काही महिन्यांत पुन्हा विझली. ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ २०२२ मध्ये एनबीसी वाहिनीवरून पीकॉक या इंटरनेट प्लॅटफॉर्मवर गेली. ऑस्ट्रेलियाची ‘नेबर्स’ २०२२ ला संपली, पुढच्या वर्षी ॲमेझॉननं उचलली, २०२५ मध्ये परत सोडली. आपल्याकडे टीव्ही अजून भक्कम आहे, म्हणूनच कुणाला घाई नाही. घाई आहे ती उभ्या पडद्याच्या, एक-दोन मिनिटांच्या चिनी वळणाच्या मालिकांना. त्यात थप्पड, श्रीमंत नवरा आणि ‘पुढे बघायचं तर पैसे भरा’ हे तिन्ही कळव्याच्या आधी येतं. त्या मी तीन बघितल्या आणि फोन पर्समध्ये टाकून खाडी बघत बसले.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री ऐन मालिकेच्या वेळी आमच्याकडे दिवे गेले. नेमका कोर्टातल्या निकालाचा भाग होता. सासूबाई कासावीस. मी फोन काढला, मेथीच्या परातीला टेकवून उभा केला, भाग लावला. मनात म्हटलं, आज त्यांनाही दिसेल, जवळून, नटीचे डोळे. मेणबत्ती बाजूला सरकवली, पडद्याचा उजेड वाढवला.

त्यांनी परात स्वतःकडे ओढली, फोन आडवा पडला. “राहू दे तसाच,” त्या मेथीची पानं खुडत म्हणाल्या, “आवाज तेवढा मोठा कर.”