हसत लिहिण्याची किंमत

मंडळी, लिहिण्याचा आनंद म्हटलं की आपल्याकडे लगेच प्रतिभा, स्फूर्ती असले शब्द यायला लागतात. मी आज तिकडे जाणार नाही. ‘स्मृतिचित्रे’ घेऊन बसणार आहे, कारण लिहिण्याची मजा आणि लिहिण्याचा जाच या पुस्तकात शेजारी शेजारी नांदतात.

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८चा. शाळा नाही. अकराव्या वर्षी लग्न, आणि अक्षरओळख झाली ती नवऱ्याकडून, म्हणजे कवी ना. वा. टिळकांकडून. पुस्तकाचे चार भाग आले १९३४ ते १९३६ या काळात, आणि १९३६ मध्येच त्या गेल्या. म्हणजे साठी उलटलेली बाई लिहितेय. निमित्त काय, तर टिळकांच्या चरित्रासाठी मुलाला, देवदत्तांना, आठवणी हव्या होत्या. अडचण इथंच सुरू होते बघा. माहिती पुरवायची दुसऱ्याच्या चरित्राला, आणि प्रत्येक प्रसंगात आपण स्वतः उभ्या! बाजूला सरलं तर प्रसंगच उरत नाही. पुढं आलं तर नवऱ्याविरुद्ध फिर्याद मांडल्यासारखं होतं.

कारण फिर्यादीला जागा भरपूर होती. टिळकांचा तापट स्वभाव, न सांगता निघून जाणं, घरात चणचण असताना हातातले पैसे देऊन मोकळं होणं. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तोही बायकोला विश्वासात न घेता. मी एकदा माझ्या वडिलांविषयी लिहायला बसलो होतो. दोन पानं झाली. एक पान तक्रार, दुसरं आरती. तिसरं काही जमेना. लक्ष्मीबाईंना जमलं, कारण त्या आधी स्वतःची फजिती सांगतात. आपलं अज्ञान, आपला हट्ट, आपली भीती. स्वतःला हसून झाल्यावर त्यांना नवऱ्याला हसायचा हक्क मिळतो, आणि आपणही तो बिनतक्रार देतो. विशेषणं जवळपास नाहीतच. तापट माणूस तापट आहे असं म्हणायचं नाही. तो काय करतो तेवढं सांगायचं.

‘बोलल्यासारखं लिहिलंय’ ही या पुस्तकाची नेहमीची स्तुती. मला ती अर्धवट वाटते. बोलणं भरकटतं. माझ्या याच भाषणाचं शब्दांकन तुम्ही वाचाल तेव्हा ते कळेलच! लक्ष्मीबाई प्रसंग नेमका जिथं तोडायचा तिथं तोडतात. ते कान असलेल्या लेखिकेचं काम आहे, भोळ्या आजीबाईचं नव्हे.

पण या हसण्याची किंमतही आहे, आणि ती आपण मोजत नाही. काही भांडणं इतक्या झटकन विनोदावर मिटतात की वाचक सुटकेचा श्वास टाकतो, आणि त्या रात्री या बाईला झोप लागली का, हे विचारायचं राहून जातं. धर्मांतरानंतरच्या ताटातुटीची वर्षं वाचा. तिथं विनोद पातळ होत जातो. मला तीच पानं पुस्तकातली सर्वांत खरी वाटतात. हे मत सगळ्यांना पटणार नाही. विनोदासाठीच हे पुस्तक जवळ करणारे वाचक पुष्कळ आहेत, आणि त्यांचंही चुकत नाही.

टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं. त्यातले बहुतेक अध्याय त्यांचे आहेत. एवढा मोठा खटाटोप, पण आज तो उघडणारे थोडे. मुलाच्या मागणीवरून सुरू झालेल्या आठवणी मात्र आपण पुन्हा पुन्हा वाचतो.

माझ्या त्या दोन पानांचं काय झालं, असं कुणी विचारेल. तक्रार खोडली, आरतीही खोडली. परवा एकच गोष्ट लिहिली: वडील भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देताना मला स्टुलाशेजारी उभं करायचे, आणि किल्लीला हात लावू द्यायचे नाहीत. पुढचं वाक्य अजून सुचलेलं नाही.