शालेय इतिहास : विस्तार कीं खोली ?

माध्यमिक शाळांच्या पुस्तकांत शतकानुशतकांचा वृत्तांत थोडक्या पृष्ठांत कोंबलेला असतो. सनावळी पाठ होते. ती कशावरून ठरली हें मात्र विद्यार्थ्यास अज्ञातच राहतें. शिवजन्मतिथीचेंच उदाहरण घ्यावें. बखरींवरून रूढ झालेला शक १५४९. उलट लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलींत फाल्गुन वद्य ३, शके १५५१. आणि शिवभारताचा दुजोरा शकावलीस. हे पुरावे वर्गांत ताडून पाहण्यास आठवडा लागेल व कांहीं लढाया वगळाव्या लागतील, हें खरें. परंतु कालक्रमाचा सांगाडा राखून एवढा त्याग अवश्य करावा. साधन पारखण्याची दृष्टि ज्यास शाळेंत लाभली नाहीं, त्याच्या माळ्यावरील दप्तर उद्यां रद्दींत जाईल. मग संशोधकानें शोधावें तें काय?