इंग्रजी भाषेंतील सल्लामसलत

भाषेची परीक्षा करावयाची झाल्यास तिच्यांतील प्रेमाचे व पराक्रमाचे शब्द पुढें मांडण्याची रीत आहे. परंतु आमच्या मतें तितक्याच मोलाची दुसरी एक कसोटी आहे. एक मनुष्य दुसऱ्यास "असें कर" म्हणून सांगूं लागला, किंवा "मीं काय करावें?" म्हणून विचारूं लागला, म्हणजे ती भाषा त्याच्या हातीं कोणते शब्द देते, हें पाहावें. दुसऱ्याच्या आयुष्यांत हात घालण्याचा हा प्रसंग असतो. सांगणाऱ्याचा अधिकार किती, आपुलकी किती, आणि चुकल्यास भार कोणी वाहावयाचा, हें पुष्कळसें त्या शब्दांत आधींच ठरून गेलेलें असतें. इंग्रजी भाषेचा या अंगानें आमच्याकडे व्हावा तितका विचार होत नाहीं. शाळेंत 'अ‍ॅड्व्हाइस' म्हणजे उपदेश किंवा सल्ला एवढें पाठ करून आपण मोकळे होतों, आणि पुढें जन्मभर पत्रें, करार व कायदे त्याच एका अर्थानें वाचीत राहतों. हा गैरसमज केवळ कोशापुरता राहत नाहीं, म्हणून त्याची थोडी चिकित्सा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंग्रजांचा या कामाचा फार जुना शब्द 'रीड' हा होय. प्राचीन इंग्रजींत त्याचा अर्थ मसलत असा होता, आणि त्याच्याच क्रियापदापासून आजचें वाचणें या अर्थाचें क्रियापद निघालें आहे. कोडें या अर्थाचा 'रिडल' हा शब्दहि त्याच कुळांतला. गूढ उकलणें, लिपी वाचणें आणि अडलेल्यास वाट सांगणें हीं कामें त्या काळच्या मनास एकाच जातीचीं वाटत असावींत. इ. स. ९७८ मध्यें गादीवर आलेल्या एथेलरेड राजाच्या नांवांत हाच शब्द असून त्या नांवाचा अर्थ 'उदात्त मसलतीचा' असा होतो. डेन लोकांच्या स्वाऱ्यांपुढें त्याचें राज्य टिकलें नाहीं, तेव्हां मागाहून लोकांनीं 'अनरेड' म्हणजे कुमसलतीचा अशी जोड देऊन त्याच्या नांवाचीच थट्टा केली. पुढें जुना शब्द विस्मरणांत गेला, 'अनरेड'चें 'अनरेडी' झालें, आणि ज्याच्यावर वाईट मसलतीचा आरोप होता तो राजा इतिहासाच्या पुस्तकांत 'तयारी नसलेला' म्हणून उभा राहिला. शब्दाचा अर्थ हरवला म्हणजे माणसावरचा आरोपहि कसा बदलतो, हें यावरून दिसून येईल.

१०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच भाषेच्या वाटेनें दोन नवे शब्द आले. पहिला 'कौन्सेल'. याचें मूळ लॅटिन असून सभा या अर्थाचा 'कौन्सिल' शब्द वास्तविक वेगळ्या मुळाचा आहे. तरी इंग्रजींत या दोघांची शतकानुशतकें सरमिसळ होत आली. आम्हांस ही सरमिसळ अर्थपूर्ण वाटते, कारण 'कौन्सेल' म्हणजे चार शहाण्यांनीं एकत्र बसून केलेली मसलत. न्यायालयांत उभ्या राहणाऱ्या वकिलास आजहि हेंच नांव आहे, आणि आपला बेत मनांतच ठेवणाऱ्या माणसाविषयीं, तो आपली मसलत आपल्यापाशींच ठेवतो, असें इंग्रज म्हणतो. दुसरा शब्द 'अ‍ॅड्व्हाइस'. त्याचा उगम जुन्या फ्रेंच भाषेंतील "मला असें दिसतें" या अर्थाच्या बोलण्यांत आहे. त्यांतील 'ड' हा लॅटिनच्या अभिमानी पंडितांनीं मागाहून घातलेला. म्हणजे मुळांत 'अ‍ॅड्व्हाइस' ही आज्ञाहि नव्हे व शिकवणहि नव्हे; माझ्या जागेवरून मला काय दिसतें, एवढेंच त्यांत सांगितलेलें असतें. ऐकणाऱ्यानें तें स्वतःच्या जागेवरून पुन्हा पाहावें, ही अपेक्षा त्यांत गृहीत आहे. एखादी गोष्ट पूर्ण विचारान्तीं केली असें सांगतांना इंग्रज 'अ‍ॅड्व्हाइझ्ड्ली' हें क्रियाविशेषण वापरतो, मग कोणीं सल्ला दिलेला असो वा नसो. मनुष्यानें स्वतःशींच मसलत केली, एवढें त्यास पुरतें.

आतां याच्याशेजारीं आपले शब्द ठेवून पाहावे. 'उपदेश' हा दिश् धातूपासून आलेला; त्यांत वाट दाखविणारा वर आणि चालणारा खालीं असतो. 'सल्ला' आणि 'मसलत' हे दोन्ही अरबीचे. त्यांच्या मुळाशीं नीट असणें, हित असणें हा भाव आहे. एक शब्द सांगणाऱ्याच्या अधिकाराकडे पाहतो, दुसरा ऐकणाऱ्याच्या हिताकडे, आणि इंग्रजी शब्द सांगणाऱ्याच्या दृष्टीकडे. तिन्ही एकमेकांच्या जागीं बसविले म्हणजे कोश पुरा होईल, पण अर्थ पुरा होत नाहीं.

या मूळ कल्पनेचा परिणाम पुढच्या सर्व शब्दसंपत्तीवर झालेला दिसतो. निर्णय ज्याचा त्यानें करावयाचा, तेव्हां त्याच्यावर किती भार टाकावा याच्या पायऱ्या इंग्रजीनें बारकाईनें पाडल्या आहेत. 'सजेस्ट' म्हणजे नुसतें सुचविणें. 'रेकमेंड' म्हणजे स्वतःची पत लावून शिफारस करणें. 'अ‍ॅड्व्हाइझ' म्हणजे विचारपूर्वक मत देणें. 'वॉर्न' म्हणजे धोका दाखविणें. आणि 'अ‍ॅड्मॉनिश' म्हणजे ज्यास आपण कानउघाडणी म्हणतों ती. या पायऱ्या नेहमीं अशाच होत्या असें मात्र नाहीं. शेक्सपियरच्या काळीं 'सजेस्ट' हा शब्द पुष्कळदां पापाची फूस लावणें या अर्थीं येई. सैतानाच्या कुजबुजीपासून कचेरींतील नम्र सूचनेपर्यंत त्यानें केलेला प्रवास मोठा गमतीचा आहे.

परंतु येथेंच या भाषेचा दोषहि सुरू होतो. भार हलका करण्याची संवय इतकी वाढली कीं, खरा भार जेथें असतो तेथेंहि शब्द हलकाच राहिला. वरिष्ठानें लिहिलें कीं, "आपणांस याचा फेरविचार करावासा वाटेल कदाचित्," तर तो प्रश्न नसून बहुधा हुकूम असतो. आमचा होतकरू कारकून तें वाचून फेरविचार करतो आणि "तसें वाटत नाहीं" असें प्रामाणिकपणें कळवितो! उलट 'हॅड बेटर' या शब्दांत केवळ 'अधिक बरें' एवढेंच आहे असें समजून तो तेच शब्द वरिष्ठास लिहितो, आणि त्यांतील धमकीचा सूर त्याच्या कानीं येत नाहीं. बँकेकडून आलेल्या 'अ‍ॅड्व्हाइस'मध्यें सल्ला कोठें आहे म्हणून शोधणाराहि असाच फसतो. व्यापारी भाषेंत त्या शब्दाचा अर्थ केवळ खबर असा आहे. शाळेंत हा शब्द अनेकवचनीं वापरल्यास मास्तर तांबडी रेघ ओढतात तें योग्यच. पण खबर या अर्थीं त्याचें अनेकवचन जुन्या व्यापारी पत्रांत राजरोस सांपडतें.

राज्यकारभारांत तर शब्दाचें वजन अगदींच उलटें होतें. इंग्लंडांत मंत्री राजास 'अ‍ॅड्व्हाइस' देतात, आणि राजास तदनुसार वागावें लागतें. बॅजट यानें १८६७ मध्यें राजाच्या हातीं उरलेले हक्क सांगितले, ते आपणांस विचारलें जाणें, उत्तेजन देणें व इशारा देणें हे तीन. म्हणजे मंत्र्याचा नरम शब्द बांधणारा आणि राजाचा कडक शब्द न बांधणारा! आमच्या राज्यघटनेनें हीच परिभाषा घेतली. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतीवर बंधनकारक आहे हें शब्दांत लिहिण्यास १९७६ ची ४२ वी दुरुस्ती यावी लागली, आणि तो एकदां फेरविचारासाठीं परत पाठविण्याची मुभा १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनें दिली. न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या कलमांतील विचारविनिमय या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची कथा याहूनहि बोधप्रद आहे. विचारविनिमय म्हणजे संमति नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८१ मध्यें म्हटलें. आणि १९९३ मध्यें नऊ न्यायाधीशांच्या पीठानें त्याच शब्दाच्या आधारें सरन्यायाधीशांच्या मतास प्राधान्य दिलें. घटनेंतील शब्द तोच, पण बारा वर्षांत सत्तेचें पारडें एका बाजूहून दुसऱ्या बाजूस गेलें. सल्ल्याचे शब्द ही पंडितांची करमणूक आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं हे दोन निकाल अवश्य वाचावे.

सल्ला मागण्याकडे वळलें म्हणजे इंग्रजी वाङ्मयांतील दोन चित्रें डोळ्यांपुढें येतात. 'हॅम्लेट' नाटकांतील पोलोनियस परदेशीं निघालेल्या मुलास नीतीचीं सूत्रें भराभर सांगतो. आगरकरांच्या 'विकारविलसिता'मुळें हा म्हातारा मराठी वाचकांस १८८३ पासून परिचित आहे. त्याचीं वचनें सुभाषितें म्हणून स्वतंत्रपणें उद्धृत होतात. परंतु तोच बाप पुढच्या अंकांत त्याच मुलाच्या पाळतीवर माणूस धाडतो, हें उद्धृत करणारे विसरतात. मुलानें कांहीं विचारलेंच नव्हतें, ही गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. दुसरें चित्र बेकनचें. मसलतीवरील आपल्या निबंधांत तो ज्युपिटर देवाची कथा सांगतो: त्यानें मेटिसशीं लग्न केलें, ती गर्भवती असतांना तिला गिळलें, आणि मग त्याच्या मस्तकांतून सशस्त्र पॅलस जन्मली. बेकनच्या मतें राजानें मसलत मंडळींकडे मुरूं द्यावी, पण निर्णय आपल्याच डोक्यांतून निघाला असें दाखवावें. आम्हांस यांतील राजनीतीपेक्षां मानसशास्त्र अधिक पटतें. घेतलेला सल्ला पचून स्वतःचा झाल्यावांचून कामास येत नाहीं. मात्र ज्या स्त्रीस गिळलें तिचें पुढें नांवहि निघत नाहीं, याची खंत बेकनला वाटलेली दिसत नाहीं.

आतां आमच्या घराजवळचें उदाहरण घेऊं, कारण त्यांतच या चर्चेचें खरें कारण आहे. 'कौन्सेलिंग' या शब्दासाठीं मराठींत 'समुपदेशन' हा शब्द रूढ झाला आहे. मनानें खचलेल्या विद्यार्थ्यास, संसारांत अडलेल्या पतिपत्नीस, व्यसनांतून सुटूं पाहणाऱ्यास हल्लीं समुपदेशकाकडे जा म्हणून सांगतात. पण या विद्येंत १९४२ सालीं कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें ग्रंथ लिहून जी क्रांति केली, तिचें सार हेंच कीं, ऐकणाऱ्यानें उपदेश करूं नये. समोरच्याचें म्हणणें इतक्या लक्षपूर्वक ऐकावें कीं, त्याची वाट त्यासच दिसूं लागावी. जुन्या फ्रेंच बोलण्यांतील "मला असें दिसतें" येथें "तुला काय दिसतें?" असें झालें. आणि आम्हीं या विद्येस नांव कोणतें दिलें? तर ज्यांत उपदेश हा शब्दच मध्यभागीं बसला आहे असें! घरांत वडिलांचा, शाळेंत मास्तरांचा व लग्नकार्यांत पाहुण्यांचा उपदेश ऐकून ज्याचे कान किटले आहेत, त्या मुलास आणखी एका उपदेशकाच्या दारीं जाण्याचा उत्साह कोठून यावा? शब्दानें दार बंद होतें असें आम्ही म्हणत नाहीं, पण उंबरठा उंच होतो एवढें खास.

शब्द रुजला आहे, तो आतां उपटतां येणार नाहीं आणि उपटण्याचें कारणहि नाहीं. परंतु तो वापरणारांनीं त्याचा अर्थ तरी मूळ विद्येस धरून लोकांस समजावून द्यावा. इतर ठिकाणीं मात्र आपणांस निवड करण्यास पुष्कळ वाव आहे. 'सजेस्ट'ला सुचविणें, 'रेकमेंड'ला शिफारस, चार माणसांच्या 'कौन्सेल'ला मसलत, आणि मागितल्यावर दिलेल्या मतास सल्ला, अशी वाटणी केली तर भाषांतर करणाराचें काम सुकर होईल. उपदेश हा शब्द जेथें गुरु खरोखर गुरु आहे व शिष्यानें शिष्यत्व पत्करलें आहे तेथेंच ठेवावा. इंग्रजांचा आडपडदा आम्हांस नको. हुकूम असेल तर तो हुकूम म्हणूनच यावा. पण निर्णय शेवटीं ज्याचा त्याचा, ही त्यांच्या शब्दांतील जाणीव आम्हांस परकी मानण्याचें कारण नाहीं. "ऐकावें जनाचें, करावें मनाचें" असें आमच्या बायाबापड्या पूर्वापार म्हणत आल्याच आहेत. या म्हणीचा पहिला अर्धा भाग आम्ही मुलांस रोज ऐकवितों. दुसरा अर्धाहि तितक्याच वेळां ऐकवावा, एवढेंच आमचें सुचविणें आहे.