दोरीच्या कडेचे रोप : पीक मोजण्याच्या नव्या तंत्राची तपासणी

उपयोजित संशोधनाविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा कौतुकाने. उपग्रह, ड्रोन, कृत्रिम बुद्धिमत्ता हे शब्द आले की लेखक शोधाचे वर्णन करतो आणि थांबतो. शोध ज्याच्यावर उपयोजला गेला त्याचे पुढे काय झाले, हे क्वचितच विचारले जाते. येथे एकच उपयोजन तपासायचे आहे : सोयाबीनचे उत्पन्न किती झाले हे ठरवण्याचे तंत्र. त्यासाठी धाराशिव जिल्हा निवडला, कारण येथला खरीप मुख्यतः सोयाबीनवर उभा आहे आणि पीक विम्याचा वाद येथून थेट दिल्लीपर्यंत गेला.

तो वाद थोडक्यात असा. 2020 च्या ऑक्टोबरात, ऐन काढणीत, अतिवृष्टी झाली. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या नियमानुसार नुकसानीची सूचना 72 तासांच्या आत द्यायची होती. वीज नाही, रेंज नाही, शेतात गुडघाभर पाणी, अशा स्थितीत बहुसंख्यांना ती देता आली नाही आणि भरपाई नाकारली गेली. महसूल खात्याने पंचनामे केले होते, म्हणजे नुकसान सरकारदप्तरी नोंदलेले होते. विम्याच्या लेखी मात्र ते घडलेच नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मे 2022 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला. या प्रकरणाची चर्चा कंपनी विरुद्ध शेतकरी अशीच झाली. त्यामागचा मोजमापाचा प्रश्न बाजूला राहिला.

मोजमापाची जुनी पद्धत म्हणजे पीक कापणी प्रयोग. महसूल मंडळात यदृच्छेने काही गट क्रमांक निवडायचे, प्रत्येक शेतात ठरावीक मापाचा तुकडा (अनेक पिकांसाठी 10 मीटर बाय 5 मीटर) दोरी लावून आखायचा, तेवढेच पीक कापून, मळून, वजन करायचे. अशा दहा-बारा तुकड्यांच्या सरासरीवर सबंध मंडळाचे उत्पन्न ठरते.

या पद्धतीमागे एका मराठी माणसाचे मोठे काम आहे, याची आपल्या वाङ्मयीन वर्तुळात फारशी जाण नाही. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. 1940 च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना त्यांनी यदृच्छ नमुन्यावर आधारलेले कापणी प्रयोग रुजवले. त्याच काळात प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये काही फूट त्रिज्येची लहान वर्तुळे कापून उत्पन्न काढीत होते. लहान तुकडा स्वस्त पडतो, म्हणून जास्त ठिकाणी घेता येतो. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. सुखात्म्यांचा आक्षेप अगदी साधा होता. दोरीच्या कडेवर येणारे रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा कल ते आत घेण्याकडे असतो. तुकडा जितका लहान, तितका कडेचा वाटा मोठा, आणि तितके उत्पन्न फुगून दिसते. त्यांनी वेगवेगळ्या मापांचे तुकडे शेजारी शेजारी कापून हे दाखवून दिले.

देशातले दोन मोठे संख्याशास्त्रज्ञ एका रोपावरून भांडले, आणि ते भांडण कापणीला आलेल्या मजुरालाही कळण्यासारखे होते. या लेखातला माझा निकष तिथूनच घेतला आहे.

कडेच्या रोपाची किंमत विम्यात किती होते ते पाहा. गेल्या सात वर्षांतील सर्वांत चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेऊन तिला जोखीमस्तराने (महाराष्ट्रात 70 टक्के) गुणले की उंबरठा उत्पादन मिळते. यंदाचे उत्पन्न त्याच्या जितके टक्के खाली, तितके टक्के भरपाई. समजा उंबरठा हेक्टरी 1000 किलो आहे, खरे उत्पन्न 900 किलो आणि विमा रक्कम 50,000 रुपये. भरपाई 10 टक्के, म्हणजे 5,000 रुपये. आता मोजणीत उत्पन्न दहाच टक्के फुगले, 990 किलो दिसले, तर भरपाई 1 टक्का, 500 रुपये. मोजणीतली दहा टक्क्यांची चूक भरपाईचा नऊ दशांश भाग खाऊन टाकते.

कापणी प्रयोग निर्मळ होते असे कोणी म्हणणार नाही. उत्पन्न कमी दाखवावे म्हणून गावाचे दडपण येते, काही प्रयोग शेताऐवजी टेबलावरच होतात, असे आक्षेप जुनेच आहेत. म्हणून केंद्राने 2023 च्या खरिपापासून भात आणि गहू या पिकांसाठी तंत्राधारित अंदाजाला किमान 30 टक्के भार दिला. ‘येस-टेक’ हे त्या व्यवस्थेचे नाव. 2024 च्या खरिपात तिच्यात सोयाबीनही आले. उपग्रहचित्रे, हवामान केंद्रांच्या नोंदी आणि जुन्या कापणी प्रयोगांचे आकडे एकत्र करून संगणकीय प्रतिमाने उत्पन्न सांगतात. हेतू रास्त आहे. उपग्रहावर कोणी दडपण आणू शकत नाही.

पण उपग्रह पाहतो काय? मुख्यतः पानांची हिरवाई. भाताच्या किंवा गव्हाच्या बाबतीत तिचा उत्पन्नाशी बरा संबंध लागतो. सोयाबीन पक्व होताना स्वतःहूनच पाने गाळते. आमच्या भागातले मोठे नुकसान होते ते त्यानंतर : परतीच्या पावसात उभ्या झाडावर शेंगेतच दाण्याला कोंब फुटतो, दाणा काळा पडतो, किंवा काढून लावलेली बनीम खालून भिजून सडते. पान गळालेल्या झाडाची शेंग चांगली की कुजलेली, हे हिरवाईच्या मोजमापात उमटत नाही. शिवाय त्या दिवसांत आकाश ढगाळ. ढगांतून पाहणारे रडार उपग्रह आहेत आणि पाणी साचलेले रान ते चांगले टिपतात. पण रानात पाणी आहे हे कळणे वेगळे आणि दाणा किती गेला हे कळणे वेगळे. पावसाच्या नोंदीचेही तसेच. साधारणपणे मंडळाला एक स्वयंचलित केंद्र, तिथे 24 तासांत 65 मिलिमीटर नोंदले तर अतिवृष्टी. केंद्रापासून सात-आठ किलोमीटरवर ढगफुटीसारखा पाऊस झाला तरी ते केंद्र कोरडे राहू शकते.

या उणिवा संशोधकांना ठाऊक नाहीत असे नाही, आणि प्रतिमाने सुधारतीलही. माझा आक्षेप निराळा आहे, आणि तो मांडायला याच जिल्ह्यातले दुसरे उपयोजित संशोधन उपयोगी पडते. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात शेजारच्या किल्लारीबरोबर आमचे सास्तूरही उद्ध्वस्त झाले. अभियंत्यांनी पडलेली माळवदे तपासली. भिंती दोन-दोन फूट जाड, पण त्या म्हणजे चिखलात रचलेले दोन वेगळे पदर, मध्ये बारीक दगडांची भर. दोन्ही पदरांना आरपार धरणारा लांब दगड जवळपास कुठेच नाही. हादऱ्याने पदर फुटले आणि वरचा मातीचा भार खाली आला. त्यावरचा उपाय, ठरावीक अंतरावर आरपार दगड घालणे, भारतीय मानक ब्युरोच्या त्याच वर्षीच्या मार्गदर्शिकेत आहे. लोकांनी तो फारसा स्वीकारला नाही. दगडाचीच भीती बसली होती. जुने घर मजबूत करण्यापेक्षा अनुदानातून नवी खोली बांधणे त्यांना पटले. म्हणजे संशोधन फसले असेही म्हणता येईल. तरी एक गोष्ट उरते : निष्कर्ष गवंड्याला एका वाक्यात सांगता येत होता, आणि भिंतीतले दगड मोजून तो खरा की खोटा हे त्याला पाहता येत होते. नाकारतानाही लोकांना आपण काय नाकारतो आहोत हे कळत होते.

‘तुमच्या मंडळाचे उत्पन्न हेक्टरी इतके’ हे प्रतिमानाचे वाक्य तसे तपासता येत नाही. कोणती चित्रे घेतली, किती ढगांमुळे टाकली, प्रतिमान कोणत्या शेतांवर शिकवले, हे गावात कोणाच्या हाती नाही. आणि येथे व्यवस्थेचा कल उघड दिसतो. कापणी प्रयोगाच्या आकड्यावर विमा कंपनीला आक्षेप घेता येतो. त्यासाठी राज्याची तांत्रिक सल्लागार समिती आहे, तिच्यावर केंद्राची. उपग्रहचित्रे हा त्या आक्षेपांतला नेहमीचा पुरावा. शेतकऱ्याला तक्रार निवारण समिती आहे, पण तिच्यापुढे नेण्याजोगे चित्र त्याच्याजवळ नाही. एकच तंत्र एका पक्षाच्या हातात पुरावा आहे, दुसऱ्यासाठी निकाल.

2025 च्या खरिपापासून हा प्रश्न अधिक टोकदार झाला. राज्याने एक रुपयातला विमा बंद केला. बनावट अर्जांचे कारण दिले गेले, आणि ते खोटे नव्हते. त्याच फेरबदलात स्थानिक आपत्तीची आणि काढणीनंतरच्या नुकसानीची स्वतंत्र भरपाई काढून टाकून सारे काही मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर आणले. 72 तासांची जाचक अट गेली, पण एकट्या शेताचे नुकसान मोजण्याची वाटही तिच्याबरोबर गेली. लगेच सप्टेंबरात भूम-परंडा भागात पूर आला. नदीकाठची माती खरडून गेली, खाली मुरूम उघडा पडला. मंडळाच्या सरासरीत असे रान म्हणजे पुन्हा दोरीच्या कडेचे रोप : आत धरले तर धरले.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक मंडळासाठी कापणी प्रयोगांचे गट क्रमांक आणि वजने, प्रतिमानाने सांगितलेले उत्पन्न, दोहोंतला फरक, ढगांमुळे वाया गेलेल्या चित्रांच्या तारखा, आणि मागील वर्षी प्रतिमान किती चुकले तो आकडा, एवढे भरपाई ठरण्याच्या आधी चावडीवर लावावे. यातले बहुतेक सगळे आजही कुठल्या ना कुठल्या संगणकात आहे. छापले तर दोन पानांत मावेल.